हेनरिख फोके

हेनरिख फोके (८ ऑक्टोबर १८९० – २५ फेब्रुवारी १९७९) हे जर्मन विमान अभियंते आणि हेलिकॉप्टरच्या आद्य निर्मात्यांपैकी एक होते. उत्तर जर्मनीतील ब्रेमेन शहरात फोके-वुल्फ ही विमान कंपनी स्थापन करणाऱ्यांत ते प्रमुख होते. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांमुळे या कंपनीचे नाव जगभर झाले. मात्र त्या विमानांची रचना फोके यांची नव्हती.

प्रारंभिक जीवन

फोके यांचा जन्म ब्रेमेन येथे झाला. त्यांचे वडील योहान फोके यांनी स्थापन केलेले इतिहास संग्रहालय आज फोके संग्रहालय म्हणून ओळखले जाते. थोरले बंधू विल्हेल्म हे चित्रकार असून विमानबांधणीतही प्रयोग करीत. हेनरिख यांनी हानोफर येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धापूर्वीच त्यांची गेओर्ग वुल्फ यांच्याशी मैत्री झाली आणि दोघांनी मिळून विमाने बांधण्यास सुरुवात केली.

फोके-वुल्फ कंपनी

१९२३ मध्ये ब्रेमेनमधील व्यापाऱ्यांच्या भांडवलावर कंपनीची स्थापना झाली. शहराच्या दक्षिणेस, नॉयेनलांडर फेल्ड या मैदानावरील विमानतळ हे तिचे कार्यक्षेत्र बनले. 'ए १६' हे छोटे प्रवासी विमान तिचे पहिले उत्पादन होय. रचना फोके करीत, तर चाचणी उड्डाणे वुल्फ करीत. २९ सप्टेंबर १९२७ रोजी 'एंटे' या विमानाचे प्रात्यक्षिक दाखवताना ब्रेमेन येथे झालेल्या अपघातात वुल्फ यांचा मृत्यू झाला. त्यांचे नाव कंपनीच्या नावात कायम राहिले.

१९३१ पासून कंपनीत असलेले कुर्ट टांक यांच्याकडे पुढे रचनेची सूत्रे गेली. 'एफडब्ल्यू १९०' हे लढाऊ विमान त्यांचेच. युद्धानंतर टांक भारतात आले व बंगळूर येथे त्यांनी 'मारुत' या लढाऊ विमानाची रचना केली. फोके यांना मात्र नाझी राजवटीत, १९३६ मध्ये, स्वतःच्याच कंपनीतून बाजूला व्हावे लागले. ते राजकीयदृष्ट्या विश्वासार्ह नसल्याचे कारण पुढे करण्यात आले.

हेलिकॉप्टर

त्याच वर्षी, २६ जून १९३६ रोजी, फोके यांच्या 'एफडब्ल्यू ६१' या हेलिकॉप्टरने पहिले मुक्त उड्डाण केले. एकच पाते-चक्र वापरल्यास यानाचा सांगाडा उलट दिशेने फिरू लागतो. यावर उपाय म्हणून फोके यांनी दोन्ही बाजूंना एकेक चक्र बसवून ती परस्परविरुद्ध दिशांनी फिरवली. इंजिन बंद पडले तरी हे यान सुरक्षित उतरू शकत असे. १९३७ मध्ये त्याने २,४३९ मीटर उंची गाठली. १९३८ मध्ये वैमानिक हाना राइट्श यांनी ते बर्लिनमधील एका बंदिस्त सभागृहात उडवून दाखवले.

१९३७ मध्ये फोके यांनी वैमानिक गेर्ड आखगेलिस यांच्यासह नवी कंपनी काढली. तिच्या 'एफए २२३' या हेलिकॉप्टरने सप्टेंबर १९४५ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली. असे करणारे ते पहिले हेलिकॉप्टर होते. मात्र तोवर जर्मनीचा पराभव झाला होता आणि ते ब्रिटनच्या ताब्यात गेले होते.

उत्तरायुष्य

युद्धानंतर जर्मनीत विमाननिर्मितीस बंदी असल्याने फोके यांनी फ्रान्स आणि ब्राझील येथे काम केले. मायदेशी परतल्यावर ब्रेमेनच्या बोर्गवार्ड या मोटार कंपनीसाठी त्यांनी 'कोलिब्री' हे हेलिकॉप्टर तयार केले. ते १९५८ मध्ये उडाले. परंतु १९६१ मध्ये बोर्गवार्ड बुडाल्याने हा प्रकल्पही संपला. त्यानंतर फोके यांनी शहरातील एका परसात स्वखर्चाने वातबोगदा उभारून संशोधन चालू ठेवले. वयाच्या ८८ व्या वर्षी ब्रेमेन येथेच त्यांचे निधन झाले. विस्मृतीत गेलेला हा वातबोगदा १९९७ मध्ये पुन्हा सापडला आणि आता तो तांत्रिक वारसा म्हणून जतन केला आहे.