हातांची विद्या : लक्ष्मणराव किर्लोस्कर

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की काही पालक कार्यालयात येतात आणि आवाज खाली आणून विचारतात, मुलाला आयटीआयला घालावे लागले तर त्याचे पुढे कसे होणार? बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीच्या सान्निध्यात राहूनही हा प्रश्न ओशाळेपणानेच विचारला जातो. अशा वेळी मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होते.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे मन मात्र चित्रांत आणि यंत्रांत रमे. १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी ध्यानात आले की, आपल्याला काही रंगांतील भेद ओळखता येत नाही. चित्रकाराची वाट तेथेच संपली. तरीही ते हताश होऊन घरी परतले नाहीत. ज्यात रंगांचे काम नाही, ते यांत्रिक रेखाटन त्यांनी आत्मसात केले आणि त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथील कार्यशाळेत त्यांचे हात यंत्रांना सरावले.

केवळ कौशल्यावर सर्व काही मिळते, असे मात्र त्यांचे चरित्र सांगत नाही. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याची निवड झाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. तेथे बंधू रामुअण्णांच्या साथीने सायकलींचे दुकान चाले. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनेल, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. त्यातच नगरपालिकेच्या योजनेमुळे कारखान्याची जागाही सोडावी लागली.

त्या वेळी औंधच्या अधिपतींनी कर्जाऊ रक्कम आणि कुंडल रोड स्थानकाजवळील बत्तीस एकर ओसाड माळ दिला. निवडुंग आणि नाग यांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. मला विशेष भावते ती तेथील माणसांची निवड. शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ झाले. शिक्षा भोगून आलेल्या निरक्षर माणसांवर वसाहतीच्या राखणीची भिस्त टाकली गेली. प्रमाणपत्रापेक्षा माणसाला काय करता येते, याची पारख तेथे आधी होई. कौशल्य कामी यायचे तर ते ओळखणारा मालकही लागतो, हे आपण पालकांना पुरेशा स्पष्टपणे सांगत नाही.

विशेष म्हणजे, याच लक्ष्मणरावांनी आपले चिरंजीव शंतनुराव यांना अभियांत्रिकी शिकण्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत धाडले. पदवीला त्यांनी कधी कमी लेखले नाही. पदवीवाचून कोणाचे दार बंद होऊ नये, एवढेच पाहिले.

पुढे हा उद्योग आपल्या कर्नाटकातही विस्तारला. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर आणि १९४६ मध्ये बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक स्थापन झाली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. तोवर कुंडल रोड हे स्थानकाचे जुने नाव मागे पडले होते आणि हरिहरला तयार झालेल्या लेथवर देशातील कितीतरी तरुण आपले पहिले काम शिकत होते.