नोंद हीदेखील अमानत : हकीम अबू बकर राझी



रुग्णालयाच्या आपत्कालीन कक्षात पाळी बदलण्याची वेळ आपण कधी तरी पाहिली असेल. रात्रपाळीची परिचारिका निघण्याच्या तयारीत असते, सकाळची नुकतीच आलेली असते आणि दोघींच्या मध्ये एक बेशुद्ध रुग्ण असतो. तो स्वतःविषयी काहीच सांगू शकत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो केवळ केसपेपर. औषध किती वाजता दिले, ताप केव्हा चढला, कशावर लक्ष ठेवायचे, यातील एक ओळ राहून गेली तरी तेच औषध पुन्हा दिले जाण्याचा धोका असतो. नोंदीचे हे मोल अकराशे वर्षांपूर्वी जाणणाऱ्या एका थोर हकीमांचे जीवन आपण आज पाहू.

अबू बकर मुहम्मद बिन जकरिया राझी यांचा जन्म हिजरी 251 (इ.स. 865) च्या सुमारास, आजच्या तेहरानजवळील रय या नगरात झाला. रय आणि बगदाद येथील रुग्णालयांचे ते प्रमुख होते. त्यांच्या बैठकीचे वर्णन इब्न नदीम यांनी आपल्या ग्रंथात केले आहे. राझींसमोर त्यांचे शिष्य, त्यांच्यापलीकडे शिष्यांचे शिष्य आणि त्यांच्याही पलीकडे इतर विद्यार्थी बसत. रुग्ण प्रथम सर्वांत बाहेरच्यांना आपला विकार सांगे. त्यांना उमगला नाही तर तो पुढच्यांकडे जाई आणि अखेरीस स्वतः राझींपर्यंत पोहोचे. आपणच विचार करा, अशा व्यवस्थेत पहिल्याने ऐकलेली हकीकत शेवटच्यापर्यंत अखंड पोहोचणे किती आवश्यक असेल!

राझी रुग्णाचे नाव, लक्षणे, दिलेले उपचार आणि त्यांचा परिणाम लिहून ठेवीत. सरसामची पूर्वलक्षणे दिसणाऱ्या काही रुग्णांचे त्यांनी रक्त काढले, काहींचे हेतुपुरस्सर काढले नाही आणि दोन्हींचा परिणाम नोंदवला. अब्दुल्लाह बिन सवादा नावाच्या रुग्णास अनियमित ताप येत असे. पुढे लघवीतून पू गेला, तेव्हा मूत्रपिंडातील व्रणाचे निदान निश्चित झाले. उभे राहताना कमरेला ओझे लटकल्यासारखे वाटते काय, हे विचारायचे आपल्याकडून राहिले, हेही राझींनी त्याच नोंदीत प्रांजळपणे लिहिले. स्वतःची प्रतिष्ठा राखण्यासाठी त्यांनी ती ओळ गाळली नाही. म्हणूनच पुढच्या वैद्याला ती उपयोगी पडली.

अखेरच्या काळात त्यांची दृष्टी गेली. हिजरी 313 (इ.स. 925) मध्ये रय येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे कागद बहिणीजवळ होते. वजीर इब्नुल अमीद यांनी ते मिळवले आणि राझींच्या शिष्यांकडून संकलित करविले. हाच ‘अल-हावी’ हा विशाल ग्रंथ होय. 1279 मध्ये त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातील वैद्य तो अभ्यासू लागले.

वाचकहो, पवित्र कुरआनच्या सूरह अल-बकरामधील आयत 282 मध्ये कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे, आणि लिहिणाऱ्याने तो न्यायाने लिहावा अशी ताकीदही आहे. पैशाच्या देण्याघेण्याबाबत एवढी दक्षता असेल, तर एका जीवाच्या सोपवणुकीत ती किती अधिक असावी! आपण वा आपली मुले-मुली रुग्णसेवेत असतील, तर थकल्या हाताने लिहिलेली शेवटची ओळही अमानत आहे, हे ध्यानी असू द्यावे. अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत पूर्णपणे पोहोचविण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.