फ्रीजरमध्ये जपलेले औषध

आपल्या नगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अँजिओप्लास्टीच्या खोलीबाहेर एक प्रश्न हमखास ऐकू येतो: स्टेंट देशी घालायचा की परदेशी? पारनेर-पाथर्डीहून आलेले नातेवाईक कंपनी विचारतात, किंमत विचारतात. स्टेंटवर औषध कोणते, हे सहसा कोणी विचारत नाही. त्या औषधामागे मात्र एका भारतीयाची उभी हयात आहे.

सुरेंद्रनाथ सेहगल यांचा जन्म १९३२ चा, आज पाकिस्तानात असलेल्या खुशाबचा. बनारसला औषधनिर्माणशास्त्र शिकून, ब्रिस्टॉलची डॉक्टरेट घेऊन ते माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत रुजू झाले. कॅनडाच्या एका मोहिमेने ईस्टर बेटावरून माती आणली होती. तिच्यातल्या एका जिवाणूपासून सेहगल व सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात एक द्रव्य वेगळे केले. बेटाच्या रापा नुई या नावावरून ते रॅपामायसिन झाले, पुढे सिरोलिमस.

हे द्रव्य बुरशी मारीत होतेच, शिवाय पेशींची वाढही रोखत होते. पण १९८० च्या दशकाच्या आरंभी माँट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली आणि काम गुंडाळण्यात आले. सेहगलांनी नमुने घरच्या फ्रीजरमध्ये ठेवले आणि अमेरिकेत बदली झाली तेव्हा सोबत नेले. पुढे कंपनीत नवे वरिष्ठ आले, तेव्हा त्यांनी पुन्हा तोच विषय लावून धरला. १९९९ साली मूत्रपिंड-प्रत्यारोपणासाठी औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

हृदयालाही तेच औषध हवे होते. साध्या धातूच्या जाळीभोवती पेशी वाढून रक्तवाहिनी पुन्हा अरुंद होई. जाळीवरून हळूहळू झिरपणारे सिरोलिमस ही वाढ थोपवू लागले.

दरम्यान १९९८ साली सेहगलांना आतड्याचा कर्करोग झाला. आपलेच औषध ते स्वतः घेऊ लागले. जानेवारी २००३ मध्ये ते गेले. सिरोलिमसच्या स्टेंटला अमेरिकेने मान्यता दिली ती त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. तीन महिन्यांचे अंतर पडले.

मग स्पर्धा लागली. दुसऱ्या स्टेंटवर पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचे औषध होते. भारतातच १,८३० मधुमेही रुग्णांवर तुलना झाली. निष्कर्ष २०१५ साली आले. वर्षभरात उपचार अपयशी ठरण्याचे प्रमाण पॅक्लिटॅक्सेलमध्ये ५.६ टक्के होते, तर सिरोलिमसच्या कुळातल्या एव्हरोलिमसमध्ये २.९ टक्के. आज बहुतेक औषधी स्टेंट याच कुळातले आहेत, देशी असोत वा परदेशी.

बँकेत हयात गेल्यामुळे हृदयासाठी मुदतीआधी मोडलेल्या ठेवी मी पुष्कळ पाहिल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. पुढे ती वेळोवेळी बदलली. त्याआधी लाखाच्या वर मोजणारी कुटुंबे होती. म्हणून डॉक्टरांना कंपनीच्या नावाआधी दोन गोष्टी विचाराव्यात: जाळीवर औषध कोणते, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किती महिने घ्यायच्या? त्या मनाने बंद केल्या, तर उत्तम स्टेंटमध्येही गुठळी होऊ शकते.