इमाम गझाली (रह.) : कीर्तीच्या शिखरावरील अस्वस्थता

खुरासानातील तूस या नगरीत हिजरी ४५० म्हणजे इ. स. १०५८ मध्ये अबू हामिद मुहम्मद गझाली (रह.) यांचा जन्म झाला. वडील लोकर कातून गुजराण करीत. मृत्यूपूर्वी त्यांनी मुहम्मद आणि अहमद ही आपली दोन्ही मुले एका सूफी मित्राच्या हाती सोपविली. वडिलांनी मागे ठेवलेली पुंजी संपली, तेव्हा त्या मित्राने दोघांना मदरशाची वाट दाखविली. तेथे विद्येबरोबर अन्नही मिळत असे.

पुढे निशापूर येथे इमामुल हरमैन जुवैनी (रह.) यांच्यासारखे उस्ताद लाभले. त्यांच्या निधनानंतर सल्जुकी वजीर निजामुल मुल्क यांच्या दरबारातील वादसभांत गझालींनी भल्याभल्यांना निरुत्तर केले. इ. स. १०९१ मध्ये, अवघ्या तेहतीस-चौतीस वर्षांच्या वयात, ते बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य अध्यापक झाले. सुमारे तीनशे विद्यार्थी त्यांच्यासमोर बसत. खलीफाच्या दरबारातही त्यांच्या शब्दाला वजन होते. एखाद्या आलिमाला याहून अधिक काय हवे असते?

आणि तरीही त्यांच्या मनाला चैन नव्हते. त्यांनी स्वतःच्या जीवनाचा हिशेब मांडला. आपले सर्वोत्तम कर्म कोणते, तर अध्यापन. परंतु त्यामागची निय्यत तपासताच तिच्यात अल्लाहच्या प्रसन्नतेपेक्षा मान-मरातबाची ओढ अधिक दिसली. सकाळी सर्व सोडून जाण्याचा निश्चय करावा आणि सायंकाळी नफ्सने तो मोडून काढावा, अशी ओढाताण हिजरी ४८८ च्या रजब महिन्यापासून जवळजवळ सहा महिने चालली. अखेर त्यांची वाचाच बंद पडली. वर्गात शब्द फुटेना, घास गळ्याखाली उतरेना. हा आजार अंतःकरणाचा आहे, औषधाने तो बरा होणार नाही, असे सांगून हकिमांनी हात टेकले.

शेवटी मक्केला जात असल्याचे सांगून त्यांनी बगदाद सोडले. मुलाबाळांच्या उदरनिर्वाहापुरते ठेवून उरलेले धन वाटून टाकले. सुमारे दोन वर्षे ते शाम देशात राहिले. दमिश्कच्या जामा मशिदीच्या मिनारात दार लावून ते दिवसभर इबादतीत मग्न असत. पुढे बैतुल मुकद्दस, अल-खलील आणि हिजाजचा प्रवास झाला. ‘इह्या उलूमिद्दीन’ हा त्यांचा महान ग्रंथ याच एकांतवासाच्या काळातील होय.

इ. स. ११०६ मध्ये ते निशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवू लागले. वरवर पाहता काम तेच होते. परंतु पूर्वी ज्या विद्येने प्रतिष्ठा मिळते ती ते शिकवीत. आता जिच्यामुळे प्रतिष्ठेचा मोह सुटतो ती शिकवू लागले. अखेरची वर्षे त्यांनी तूसमध्येच आपल्या घराशेजारचा मदरसा आणि खानकाह सांभाळण्यात घालविली. हिजरी ५०५ म्हणजे इ. स. ११११ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

वाचकहो, त्यांचे दुःख विद्येने वा पदाने निर्माण केले नव्हते, म्हणून केवळ पद सोडल्याने ते मिटणारेही नव्हते. लोकांच्या नजरेवर उभे केलेले सुख लोकांच्याच हाती राहते. ते टिकविण्याच्या धास्तीतच आयुष्य सरते. मिंबरवर उभा राहणारा इमाम असो, दान देणारा व्यापारी असो वा परीक्षेत पहिला येणारा विद्यार्थी, प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा : हे कुणी पाहिले नसते, तरी मी केले असते का? अल्लाह आपणा सर्वांना इखलास प्रदान करो. आमीन.