कैरोंच्या कर्तबगारीचा हिशेब

दिल्लीहून चंडीगडकडे निघालेल्या एका मोटारीवर ६ फेब्रुवारी १९६५ रोजी सोनिपतजवळच्या रसोई गावापाशी गोळीबार झाला. पंजाबचे माजी मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों व त्यांचे तीन सहप्रवासी जागीच ठार झाले. आठ वर्षे ज्यांचा शब्द पंजाबात अखेरचा होता, त्या नेत्याचा शेवट असा भर रस्त्यात झाला.

कैरों १९०१ साली अमृतसर जिल्ह्यात जन्मले. अमेरिकेत राज्यशास्त्राचे शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी कारावास भोगला. फाळणीनंतर निर्वासितांच्या पुनर्वसनाचे खाते त्यांच्याकडे आले. कज्जेदलालीत न अडकता निर्णय घेणारा मंत्री अशी त्यांची ख्याती तेव्हाच झाली. जानेवारी १९५६ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. शेतजमिनींच्या एकत्रीकरणाला त्यांनी वेग दिला. त्यांच्याच काळात, १९६२ साली, लुधियानाचे कृषी विद्यापीठ उभे राहिले. पुढील हरितक्रांतीची पूर्वतयारी या कामातून झाली.

मात्र हाच वेग विरोधकांच्या वाट्याला दडपशाही म्हणून आला. महाराष्ट्राला १९६० मध्ये भाषिक राज्य मिळाले. पंजाबी सुभ्याचे आंदोलन कैरोंनी हजारोंना तुरुंगात टाकून रोखले. मास्टर तारासिंग यांचे १९६१ मधील प्रदीर्घ उपोषणही निष्फळ ठरले. नेहरूंचा भक्कम पाठिंबा होता, तोवर कैरोंना धक्का लागला नाही. दरम्यान, मुलांनी सत्तेच्या आश्रयाने माया जमवल्याचे आरोप वाढत गेले. अखेर १९६३ मध्ये माजी सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगाने अनेक आरोप फेटाळले. पण आप्तांच्या गैरव्यवहारांकडे केलेल्या डोळेझाकीचा ठपका कैरोंवर ठेवला. नेहरूंच्या निधनानंतर काही आठवड्यांतच, जून १९६४ मध्ये, त्यांना पायउतार व्हावे लागले.

जे राज्य त्यांनी अखंड राखले, त्याचे १ नोव्हेंबर १९६६ रोजी विभाजन झाले. हरियाणा वेगळा झाला आणि चंडीगड केंद्रशासित बनले. कैरोंनी घडवलेल्या संस्था टिकल्या, त्यांनी दडपलेला प्रश्न मात्र त्यांच्या पश्चात सुटला. मुख्यमंत्र्याच्या तोंडी हुकमावर धावणारे प्रशासन कामे झपाट्याने उरकते. पण त्याच हुकमाचा लाभ मुख्यमंत्र्याचे घर घेऊ लागले, की त्याला अडवण्याचे बळ त्या प्रशासनात उरत नाही. कैरोंच्या कर्तबगारीचा हिशेब या उणिवेसह मांडावा लागतो.