पंडिता रमाबाई आणि दुष्काळांतील मुली

सोलापुराहून पुण्यास जातांना दौंडापुढे केडगांव स्टेशन लागते. तेथील मुक्तिसदनाच्या संस्थापिका पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्या कॅथॉलिक नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडांत वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन मंडळींत बाप्तिस्मा घेतला. तरी त्यांचे स्मरण येथे करणे आम्हांस उचितच वाटते.

बाईंस उपासमार ऐकून ठाऊक नव्हती. तीर्थयात्रेंत असतां दुष्काळाने गांठले, आणि आईबाप व थोरली बहीण थोडक्या काळांत डोळ्यांदेखत गेली. पुढे १८९६ साली मध्यप्रांतांत दुष्काळ पडल्याचे कळतांच बाई स्वतः तिकडे गेल्या व सुमारे ३०० मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यास प्लेगाचे निर्बंध होते. तेव्हां ह्या सर्वांस केडगांवच्या शेतांत आसरा दिला. १९०० साली गुजरातेंतील शेकडो पीडितांची भर पडली.

नुसते अन्न घालून बाई थांबल्या नाहीत, हेच आम्हांस विशेष वाटते. शेती, विणकाम, छापखाना, सारे त्या मुलींच्या हाती दिले. कन्या मनोरमाबाईंनी आंधळ्यांस बोटांनी वाचण्यास शिकविले. त्या १९२१ साली वारल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनीही देह ठेविला. मूळ हिब्रू व ग्रीकवरून त्यांनी केलेल्या मराठी बायबलाचे खिळे सदनांतील बायकांनीच जुळविले.