चार दारांचे मंदिर

मुलांनो, अमृतसरच्या सुवर्णमंदिराचे चित्र तुम्ही पाहिलेच असेल. तळ्याच्या मध्यभागी ती सोनेरी इमारत उभी आहे. हे सोने चढले एकोणिसाव्या शतकात, महाराजा रणजितसिंगांच्या राज्यात. मंदिराची मूळ आखणी मात्र त्याहून दोनशे वर्षे जुनी आहे. ती केली शिखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी.

अर्जुनदेवांचा जन्म १५६३ साली पंजाबातील गोइंदवाल येथे झाला. त्यांचे वडील रामदास हे चौथे गुरू. त्यांनीच अमृतसर वसवले आणि तेथे तळे खोदायला घेतले. १५८१ साली ते वारले. अठरा वर्षांच्या अर्जुनदेवांवर सगळा भार पडला.

त्यांनी तळे बांधून काढले व त्याच्या मधोमध प्रार्थनामंदिर बांधायचे ठरवले. आता गंमत पाहा. देवळे उंच जोत्यावर बांधायची, अशी तेव्हाची रीत. अर्जुनदेवांनी आपले मंदिर भोवतालच्या जमिनीपेक्षा खाली ठेवले. आत जाणारा राजा असो की हमाल, त्याने पायऱ्या उतरूनच जायचे! मंदिराला चार दिशांना चार दारे ठेवली. कोणीही, कोठूनही यावे. पायाचा दगड लाहोरचे सूफी संत हजरत मियाँ मीर यांच्या हस्ते बसवला, असे शीख परंपरा सांगते.

प्रार्थनेला जोडून लंगर असे. तेथे सारे एकाच पंगतीत जेवत. त्या काळी शेजाऱ्याची जात न विचारता जेवायला बसणे सोपे नव्हते.

मंदिरात मूर्ती नव्हती. १६०४ साली तेथे ग्रंथ ठेवला गेला. अर्जुनदेवांनी तो सिद्ध केला आणि भाई गुरदास यांनी लिहून काढला. त्यात गुरूंच्या रचनांबरोबर बाबा फरीद आणि कबीर यांच्याही रचना आहेत. आपल्या महाराष्ट्राचे संत नामदेव यांची तर ६१ पदे आहेत.

पुढे शहजादा खुसरोने बंड केले. अर्जुनदेवांनी त्याला साथ दिली, असा ठपका ठेवून जहांगीर बादशहाने त्यांना देहदंड दिला. १६०६ साली लाहोरला त्यांचा अंत झाला. तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते.

अठराव्या शतकात अहमदशहा अब्दालीच्या फौजांनी मंदिर पाडले. शिखांनी ते पुन्हा उभारले. नव्या इमारतीलाही त्यांनी चारच दारे ठेवली, आणि तेथे जाताना आजही पायऱ्या उतराव्या लागतात.